बिनदाराची वाटणी

आमच्या मुरूम गावात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्या घरात थोरल्या जावेचं. निजामाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं माझा सगळा राग जावेच्या वाट्याला यायचा.

जावेला मी अक्का म्हणायची. एके दुपारी पंगत बसलेली असताना मी केलेल्या आमटीत अक्कांनी सगळ्यांदेखत चिमूटभर मीठ टाकलं. चव न घेता! म्हणजे हिच्या हातची आमटी अळणीच असणार, हे बाईंना आधीच ठाऊक! मी ताट सरकवून उठले आणि म्हणाले, "मला येगळी चूल पायजे. आन् मधी भिंत पायजे."

"अगं, मिठावरनं कुणी घर मोडतं का?" आमचे हे पुटपुटले. (हे कायम पुटपुटायचेच. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी भांडून यांचा आवाज संपायचा आणि घरी उरलेला यायचा.)

"मिठावरनं न्हाय! चव न घेता टाकलं म्हणून!"

वाटणीला बसलो. थोरले दीर कपाळाला विभूती लावून गप्प. मीच बोलत होते. विहीर मला. दिली! गोठा मला. दिला! मोठं चुलाण, लिंबाचं झाड, म्हैस, सगळं मला. अक्का प्रत्येक वेळी नुसत्या म्हणायच्या, "घे की बाई." शेवटी मलाच लाज वाटली आणि मी विचारलं, "आन् तुमास्नी काय?"

"आमाला दाराकडची जागा ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या.

दाराकडची जागा! रस्त्याची धूळ, आल्यागेल्याची वर्दळ आणि बसायला एक ओसरी. एवढी भोळी बाई माझ्यावर इतकी वर्षं राज्य कशी करत होती, याचं मला नवल वाटलं.

बाबूचाचा गवंडी आले. मातीची जाड भिंत दिवसादिवसाला वर चढू लागली. भिंत म्हणजे काय नुसती माती असते? भिंत म्हणजे अब्रू! भिंतीअलीकडं मी काय शिजवते, अळणी शिजवते की खारट शिजवते, हे पलीकडच्यांना कळायचं कारणच नाही. म्हणून मी स्वतः उभी राहून काम करून घेत होते. शेवटच्या दिवशी बघते तर भिंतीत माणूस जाईल एवढी फट!

"ही फट कशाला ठिवली?"

"बाई, जरा ऐका, ह्या फटीतनंच—"

"काय ऐकायचं न्हाय! अक्कांची नजर सरळ माझ्या चुलीवर! भरा म्हणते ना!"

बाबूचाचांनी खाली मान घालून फट भरली. आतल्या बाजूनं लिंपून, हात फिरवून गुळगुळीत केली. हातपाय धुतले, थापी खांद्याला मारली, "येतो बाई" म्हणाले आणि भिंतीजवळ जाऊन थांबले. मग गोठ्यामागं जाऊन आले. विहिरीला वळसा घालून आले. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "या अल्ला! बाई, आता म्या जाऊ कुठनं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात भिंतीपलीकडून यांचा आवाज आला. "अगं, मी आत कुठनं येऊ?" आणि त्यांच्यामागून, चरून आलेल्या आमच्या चंद्री म्हशीनं हंबरून तेच विचारलं.

घराच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या पाठभिंती आणि रस्त्याला एकच दार, अक्कांच्या वाटणीतलं! फसवलं मला! सरळसरळ फसवलं!

पण मी हार मानणारी नव्हते. शिडी लावली. शिडीनं माळवदावर चढायचं, शेजाऱ्यांच्या माळवदावर जायचं आणि त्यांच्या जिन्यानं रस्त्यावर उतरायचं. हे रोज धोतर सावरत दुकानाला निघाले की पोरं खाली उभी राहून बघायची. म्हैस काही शिडी चढेना. म्हणजे गोठा माझा, म्हैस माझी, आणि ती रवंथ करणार अक्कांच्या अंगणात! धार काढून अक्का दुधाचा तांब्या इमानानं भिंतीवरून द्यायच्या. (इमानानं! चोरून थेंबभर प्यायल्या असत्या तर भांडायला तरी मिळालं असतं!) विहीर मी घेतली म्हणून त्यांना गावच्या आडावर जावं लागे, तर तिथून चार बायकांशी गप्पा मारून हसत यायच्या.

अशातच अणदूरहून निरोप आला, की आप्पा येताहेत. माझे वडील! लेकीचा स्वतंत्र संसार बघायला! मी पुरण घातलं, कटाची आमटी केली, माझ्या चुलीपुढं पाट मांडला. आप्पांची बैलगाडी आली, थांबली कुठं, तर अक्कांच्या दारात. दुसरं दार होतंच कुठं?

"आप्पा, शेजारच्या जिन्यानं वर या!" मी माळवदावरून ओरडले.

आप्पांनी आधी जिना बघितला, मग आपले गुडघे बघितले. "गिरजे, म्या काय वांदर हाय का?" असं म्हणून ते अक्कांच्या ओसरीवर बसले. मी खाली उतरून भिंतीला कान लावला. ताट वाढल्याचा आवाज. मग भुरका. मग माझ्या जन्मदात्याचा आवाज, "वा! काय आमटी झालीया!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुसळ उचललं आणि घातलं भिंतीत! फटीची जागा मला नेमकी ठाऊक होती, मीच भरून घेतली होती. ती माती अजून धड वाळलीही नव्हती. भसकन ढासळली. मी चुलीवरची आमटी उचलली आणि नखशिखान्त मातीत माखून, एका हातात मुसळ आणि दुसऱ्या हातात आमटीचं पातेलं घेऊन पाहुण्यांसमोर उभी राहिले.

"भिंत घातली तवा तू कुठं हुतीस?" आप्पांनी विचारलं.

"आत!"

मी अक्कांकडं वळले. "तुमास्नी पयल्यापासनं ठाव हुतं!"

"व्हय."

"मग बोलला का न्हाय?"

"तू बोलू दिलंस कुठं?" अक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला.

मी बसले नाही. आधी आप्पांच्या वाटीत माझी आमटी वाढली. आप्पांनी एक घोट घेतला आणि आढ्याकडं बघत राहिले. अक्कांचा हात मिठाच्या भांड्याकडं गेला.

"खबरदार!" मी ओरडले. "टाकायचंच असंल तर आधी चव घ्या!"

अक्कांनी निमूटपणे चव घेतली. आणि चिमूट सोडून मूठभर मीठ टाकलं.