टोमॅटोचे दोन वाटे

मुलुंड स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर लता भाजी घेऊन बसते. होलसेल मार्केटात टोमॅटो कॅरेटनेच मिळतो आणि अख्खं कॅरेट एकटीच्याने खपत नाही. म्हणून निम्मं वाटून घ्यायला जोडीदारीण लागते. चांगली जोडीदारीण मिळणं नवरा मिळण्यापेक्षा अवघड, असं लता वैतागून म्हणते, आणि तिला दोन्हींचा अनुभव आहे.

पहिली सुगंधा. भाव चढला की हजर, पडला की तिचं डोकं दुखायचं. दुसरी सडका माल खाली लपवायची. मग रस्त्यापलीकडे बसणारी संघमित्रा आली. पहिल्याच आठवड्यात ती रस्ता ओलांडून परत आली नि म्हणाली, "लताताई, तुझ्या वाट्यात खाली मऊ निघतील. वाटे करताना माझ्या लक्षात नाही आलं. बदलून घे." लताने तेव्हाच ठरवलं, हिला सोडायचं नाही.

नियम साधा. एकीने वाटे करायचे, दुसरीने आधी उचलायचा. पण वर्षं गेली तशी उचलणारी बघेनाशी झाली. समोरचा वाटा ओढायची, बस.

त्या सकाळी लता पार शिणली होती. नवरा शिवदास अंथरुणाला खिळलेला, झोप नाही, गुडघे ठणकत होते. त्यात कॅरेटमधला बराच माल मऊ. तिने तो एका वाट्याच्या तळाशी घातला आणि तो वाटा संघमित्रापुढे सरकवला. संघमित्राने पोराच्या परीक्षेबद्दल बोलत बोलत तो पिशवीत भरला आणि समोरच्या आपल्या जागेवर गेली.

लता बसून राहिली. गिऱ्हाइकाने दोनदा भाव विचारला तरी तिला ऐकू आलं नाही. संघमित्रा तुटली तर पुन्हा नवी शोधायची, पारखायची, तिची नाटकं सोसायची, एवढा जीव आता उरला नव्हता. आणि खरं म्हणजे तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

आपल्या वाट्याची टोपली उचलून तिने रस्ता ओलांडला.

"ओत गं सगळं. परत वाटे करू. मऊ माल तुझ्यात गेलाय."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

संघमित्राने पिशवी ओतली. लताने पुन्हा वाटे केले, मऊ माल दोन्हीकडे सारखा.

"उद्या येशील ना?"

"येईन की. मी तरी दुसरी कुठून आणू?"

मग संघमित्रा वाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने वाट्याच्या तळात हात घातला, खालचा एक टोमॅटो काढून दाबून बघितला, नि मगच वाटा उचलला.