ताईची बेंबी

गेल्या महिन्यात ताईला शेवटचं न्हाऊ घालताना बायका थबकल्या. आडव्या धरलेल्या लुगड्यामागून एकीचा आवाज आला, "अगं बया, हिला बेंबीच न्हाय!" मी तिचा धाकटा भाऊ, अंगणात बसलो होतो. म्हणालो, "सोलापुरात ठेवून आली ती."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. ताईचं सासर तामलवाडीला, मी तुळजापुरात मास्तर. तिच्या बेंबीत जांभळी गाठ आली होती. दर महिन्याला चार दिवस गाठ ठणकायची, रक्त गळायचं. वैद्याचे लेप झाले, तापल्या सळईचा डाग झाला. सासू म्हणायची, देवीचा कोप. ताईनं मात्र वर्षभर पंचांगात खुणा केल्या होत्या. पाळीचे चार दिवस आणि बेंबीचे चार दिवस तेच होते.

मी तिला सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं, तर बेंबी कोरडी. खुणा पाहून त्या म्हणाल्या, "गळत असेल तेव्हा या."

म्हणजे ताई गोठ्याशेजारच्या खोपीत बाहेर बसलेली असेल तेव्हा. मी न्यायला गेलो, तर सासूबाई फाटकात आडव्या.

"बाहेरची हाय ती. चार दिस जाऊ द्या मास्तर, मग न्या."

"चार दिसांनी काय दावू? कोरडी बेंबी?" ताई खोपीतून उठली.

"गावात तोंड दावायला जागा ठिवशील का न्हाय?"

"आत्याबाई, सरका. न्हायतर शिवते."

ती खरंच दोन पावलं पुढं आली. सासूबाई पदर आवरत टुणकन मागं झाल्या. सगळ्यांदेखत मी ताईचा हात धरला. मोटारीत ती मुद्दाम दाटीत बसली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं, गाठ दाबली. "गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर इथं कातडीत वाढलंय. पाळी आली की तेही पाझरतं. कोपबीप काही नाही. मुळासकट काढायला हवं." क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी बेंबीसकट गाठ काढली. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निदान खरं निघालं. तिथून पुन्हा रक्त आलं नाही.

पुढच्या पाळीला ताई खोपीत गेली नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली.

मी हे लिहितोय म्हटल्यावर घरातले म्हणाले, नुसतं 'पोटाचा विकार' लिहा. मी बेंबी लिहिलं, पाळी लिहिलं. ज्याला विटाळ होत असेल त्यानं सरकावं.