बेचाळीस दिवस कुजबुजणाऱ्या गावात आमचं स्कीइंग

स्कीइंगला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "पाय मोडला तर कोण बघणार?" प्रश्न रास्त होता. मी भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या ऑफिसात बसते, नितीन सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि आम्ही दोघंही मूळचे रत्नागिरीचे. बर्फाशी आमचा संबंध गोळ्यापुरता. या ब्लॉगवरही आजवर उत्तनचा किनारा, डोंगरी, फार तर दापोली एवढीच आमची मजल.

मग एकदम मनाली कशाला? सरळच सांगते. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. डोहाळजेवणाचा रविवार ठरला होता, हिरवी साडी आणून ठेवली होती. त्यानंतर दहा महिने नितीन तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बाकी सगळं बोलायचा. दूध आणू का, गॅस संपलाय, आज उशीर होईल. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर फोनवर अर्धा अर्धा तास त्यांना धीर द्यायचा, "काका, घाबरू नका, मी आलोच." मी तिचा विषय काढला की मात्र चपला घालून खाली जायचा. मला वाटलं, याला घरापासून लांब नेऊ, फोनची रेंजसुद्धा धड नसेल अशा ठिकाणी, मग बोलेल. मला स्कीइंग शिकायचं नव्हतंच. मला नवऱ्याला बोलतं करायचं होतं.

जानेवारीच्या शेवटी सुट्टी मिळत होती. खोली शोधताना मनालीच्या वरच्या अंगाला एका खेड्यातलं घर दिसलं, बाकीच्यांच्या जवळजवळ निम्म्या दरात. खाली लिहिलं होतं, फार शांत गाव. मी लगेच बुक केलं. भर सीझनला एवढं स्वस्त का, हे विचारायची अक्कल त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. बोरिवलीहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रभराची बस, बारा-चौदा तास धराच. बसमध्ये हीटर असतो, पण तो फक्त ड्रायव्हरला जाणवतो. दोन जोड पायमोजे घाला. मनालीहून गावापर्यंत टॅक्सी. अंतर थोडंसंच, पण बर्फ पडला की भाडं ड्रायव्हरच्या मनावर, तेव्हा आधीच ठरवून घ्या. आमच्या ड्रायव्हरने गाव दिसताच गाणी बंद केली.

"आगे गाना नहीं चलेगा, मॅडम. देवता का टाइम है."

टाइम कसला, ते घरमालकाकडून कळलं. देवीराम पन्नाशीचे, हात जोडून पुढे आले आणि इतक्या हळू बोलले की आम्ही दोघंही पुढे वाकलो. संक्रांतीपासून बेचाळीस दिवस गावाचे देव वर स्वर्गात गेलेले असतात. त्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून देऊळ बंद, घंटा बांधलेल्या, टीव्ही बंद, फोन मुके, शेतात कुदळसुद्धा मारायची नाही.

"बात कर सकते हैं, दीदी," ते म्हणाले. "बस, धीरे."

नितीनचा चेहरा एकदम सैल झाला. शेवटी एक गाव असं सापडलं होतं, जिथे त्याला कुणी बोल म्हणणार नव्हतं. आणि ते मीच शोधून दिलं होतं. रात्री मी गोधडीत तोंड खुपसून हसले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. तेही हळूच.

घर मात्र सुंदर होतं. दगड आणि लाकडाचं, खाली गाई, वर लाकडी गॅलरी, मधल्या खोलीत धुराडं लावलेली पत्र्याची शेगडी. तिला तिकडे तंदूर म्हणतात आणि घरातली सगळी माणसं तिच्याभोवती असतात. देवीरामांच्या बायकोने, कमलादीदींनी, सिड्डू खायला घातले. गव्हाच्या फुगवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवायचं आणि वर भरपूर तूप. मी तीन खाल्ले. दुःखात भूक मरते म्हणतात, माझी कधीच मेली नाही, आणि त्याचीही मला लाज वाटत आली आहे.

स्कीइंगचा उतार गावापासून वीस मिनिटांवर. तिथे नियम नाहीत, मॅगीच्या टपऱ्या, आरडाओरडा, सगळं आहे. सूट, बूट, स्की भाड्याने मिळतात, शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे. बूट चावत असतील तर लगेच बदलून मागा. मी भिडेपोटी बोलले नाही आणि दिवसभर पाय डब्यात कोंबल्यासारखे घेऊन फिरले. पहिला धडा ब्रेकचा. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब. लिफ्टवाल्याला ब्रेक काय शिकवायचा! नितीन तासाभरात खाली-वर करायला लागला. मी दर दहा फुटांवर आडवी.

एकदा अशी पडले की पाय कुठला नि स्की कुठली ते कळेना. नितीन खो खो हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. जवळ येऊन हात दिला, माझ्या मानेवरचा बर्फ झटकला. "वजन पुढे टाक गं," म्हणाला. मला वाटलं, आत्ताच.

"नितीन, ती असती तर आता आठ महिन्यांची असती."

त्याने माझा हात सोडला, खाली वाकून बुटाचं बक्कल पुन्हा लावलं. "एक राउंड मारून येतो," म्हणाला आणि गेला. मी तशीच बर्फात बसून राहिले. शिकवणाऱ्या मुलीने दोनदा विचारलं, लागलं का म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता, रस्ता बंद. दुपारी मी गॅलरीत दोरीवर मोजे टाकत होते. आत तंदूरपाशी नितीन आणि देवीराम अक्रोड फोडत बसले होते. त्या शांततेत फळीपलीकडची कुजबुजसुद्धा स्पष्ट ऐकू येते.

"बच्चे?" देवीरामांनी विचारलं.

या प्रश्नाला नितीनचं ठरलेलं उत्तर आहे, "अभी नहीं." मी तेच ऐकायच्या तयारीत होते.

"एक लडकी थी," तो म्हणाला. "पैदा होने से पहले गई."

मग तो बोलतच राहिला. त्याने तिला हातात घेतलं होतं. तिला नखं होती. डावा कान दुमडलेला होता, माझ्यासारखा. मी तिला पाहिलेलंही नाही. मी शुद्धीवर नव्हते आणि मोठ्यांनी परस्पर ठरवलं, हिला दाखवायचं नको.

"नाम भी सोचा था मैंने," तो म्हणाला आणि त्याने नाव सांगितलं.

"भाभी को मालूम है?"

"नहीं. उसने नाम लेने को मना किया था."

खरं आहे. पाचव्या महिन्यात तो एकदा लाडात येऊन "अगं, नाव..." म्हणाला होता आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. बारशाआधी नाव काढत नाहीत, गप्प बस. तो गप्प बसला.

मला रडू आलं नाही, राग आला. तीन दिवसांच्या ओळखीच्या माणसाला माझ्या मुलीचा कान सांगितलास? मला का नाही? पण मी दार ढकललं नाही. मी आत गेले असते तर तो थांबला असता, आणि मला तिच्याबद्दल आणखी ऐकायचं होतं. ओले मोजे हातात धरून मी बोटं बधिर होईपर्यंत उभी राहिले. मग कमलादीदींनी चहा नेला आणि बोलणं संपलं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "तुला काही सांगायचंय का मला?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"नाही गं. पाणी हवंय?"

घरी आल्यावर सासूबाईंनी दोघांचे पाय शाबूत आहेत ना ते पाहून घेतलं. शेजारच्या हंसाबेन फोटो बघून "बहु सरस!" म्हणाल्या. खरंच छान जागा आहे. शांतता हवी असेल तर त्या दिवसांत जरूर जा. बर्फ भरपूर, गर्दी नाही, माणसं सोन्यासारखी. मात्र कुणाला बोलतं करायला नेऊ नका. नेलंत तर तो बोलेलही, पण तुमच्याशी बोलेलच असं नाही.

येऊन तीन आठवडे झाले. बर्फात पडून दुखावलेला माझा गुडघा बरा झाला. रोज वाटतं, आज सांगेल. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण त्याने अजून मला ते सांगितलेलं नाही.

काल सकाळी मात्र राहवलं नाही. नितीन बाहेर पेपर वाचत होता. मी स्वयंपाकघरात नळ बंद केला आणि तिला हाक मारावी तसं ते नाव मोठ्याने घेतलं. बाहेर पानं उलटायचा आवाज थांबला. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"पाणी जाईल आता," तो बाहेरून म्हणाला. "भरून घेतलंस ना?"

"घेतलं," मी म्हटलं.