खांद्यावरची चिकटपट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते — का, ते मात्र विचारू नका.

लग्न ठरताना आमच्या यांनी शब्द दिला होता, हुतूतू सोडला म्हणून. माझ्या मावसभावाचा पाय त्या खेळात कायमचा अधू झाला होता, त्यामुळे अट मीच घातली होती. पुढे घाटकोपरच्या चाळीत रोज संध्याकाळी मी एकटी. हापिसात जादा काम असतं, असं हे सांगायचे. मी भाकऱ्या झाकून ठेवायचे आणि यांची कीव करायचे. कीव!

श्रावणातल्या एका शनिवारी दिवेलागणीला चौघे जण यांना धरून घेऊन आले. उजवा खांदा निखळलेला, अंगभर मैदानाची माती.

"घाबरू नका वहिनी, पकडीत आपटला," त्यांतला एक म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं? हा तर रोज असतो ना आमच्यात!"

सगळ्या मैदानाला ठाऊक, बहुधा चाळीलाही — आणि मी भाकऱ्या झाकत होते. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

डॉक्टरांनी खांदा बसवला, छातीवरून पाठीपर्यंत चिकटपट्टी आवळली आणि ती बदलायची कशी ते मला शिकवलं. खोबरेल चोळून जुनी सोडवायची, नवी ताणून लावायची. सदऱ्याची बटणं मी लावायचे, घासही मीच भरवायचे. आणि संध्याकाळी हे घरी! लहानपणच्या गोष्टी सांगायचे, माझ्या विचारायचे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला नवरा मिळाला होता. कळतंय ना, मी कुठे चाललेय ते?

एकदा पट्टीची नवी गुंडाळी आणायला मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "आता पट्टी पुरे. रोज भिंतीवरून बोटं वर चढवायला लावा, नाहीतर खांदा धरेल." मी मान डोलावली. वाटेत औषधांच्या दुकानातून गुंडाळी विकत घेतली. घरी येऊन सांगितलं — "इतक्यात हलवायचा नाही म्हणाले."

रागाने केलं, की लोभाने? दोन्ही असेल. हे दवाखान्याचं नाव काढायचे, तेव्हा मी म्हणायचे, "कालच विचारून आले." मग हे निमूट पाठ करून बसायचे, आणि मी पट्टी आणखी आवळायचे. दसरा आला तरी पट्टी होतीच. काढली तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. तो आजतागायत गेलेला नाही. देवळातली घंटासुद्धा हे डाव्या हाताने वाजवतात.

परवा एका नव्या डॉक्टरांनी खांदा दाबून विचारलं, "त्या वेळी हालचाल सुरू केली नव्हती का?"

"डॉक्टर सांगतील तसंच केलं हो सगळं," हे म्हणाले. "ही होती ना. हिने एक दिवस चुकवला नाही."

मी सदरा हातात घेऊन उभी होते. पुढे झाले, तो यांच्या अंगात चढवला आणि बटणं लावली.