अक्का ओवाळतील तो आमदार

आमच्या मतदारसंघात कोण कधी निवडून आलं हे सरकारी कागदांत सापडेल. आमच्या गल्लीला मात्र तो सगळा इतिहास एका वाक्यात पाठ होता: अक्का ओवाळतील तो येतो. त्र्याऐंशी साली राज्यातलं सरकार उलटलं, तेव्हा आमच्याकडून आलेल्याला अक्कांनी ओवाळलं होतं. पंच्याऐंशीलाही तसंच. एकोणनव्वदला वारं पुन्हा फिरलं, तरी जो आला त्याच्या कपाळी अक्कांचंच कुंकू. पक्ष बदलले, माणसं बदलली, निरांजन तेच राहिलं. मल्लेश्वरमच्या मार्केटमधली फुलवालीसुद्धा हे कौतुकाने सांगायची आणि मला गजरा मोजून मिळेपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घराला घर लागून, मधे कमरेएवढी भिंत. त्या बेंगळुरातच जन्मलेल्या, कानडी पाण्यासारखं बोलणाऱ्या. मी साताऱ्याची. माझी मुलं हायस्कुलात गेली तरी गल्लीत माझी ओळख 'अक्कांची जाऊ' एवढीच. पुरणपोळी माझी मऊ व्हायची, पण वर्णन त्यांच्या पोळीचं व्हायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आडून सांगण्यात अर्थ नाही. बाकी वर्षभर तो डाळीसारखा मंद शिजत असायचा, निवडणूक आली की उतू जायचा.

कारण जीप थांबायची ती त्यांच्या फाटकाशी. उमेदवार चपला काढून ओट्यावर चढायचा, वाकायचा. अक्का कुंकू लावायच्या, ओवाळायच्या, स्टीलच्या पेल्यातून कॉफी द्यायच्या. माझ्या दारात नुसते हात जोडायचे, तेही चालता चालता. एकदा तर कार्यकर्त्याने पत्रक माझ्या हातात न देता तुळशीच्या कुंडीत खोचलं. तेव्हापासून घोषणा कानावर आल्या की मी आत जाऊन मिक्सर लावायची. बाहेर यायची ती निकालाच्या दिवशी, गुलालाने माखलेला आमदार अक्कांच्या पाया पडतो ते खिडकीतून बघायला. बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

चौऱ्याण्णवच्या निवडणुकीत आमच्याच समाजातला एक शिंपी अपक्ष उभा राहिला. मार्केटच्या मागे त्याचं दुकान, अर्ध्या गल्लीचे शाळेचे गणवेश त्याच्याकडचे. चिन्ह मिळालं शिवणयंत्र, त्याला तो देवाचा कौल मानत होता. जीप नव्हती, दोन भाचे आणि तो. गिरणीच्या बाजूने पायी आला. त्या बाजूने आलं की आमचं घर आधी लागतं, म्हणून तो आधी माझ्या दारात आला. कारण एवढंच होतं आणि मला ते कळत होतं. तरीही माझ्या उंबऱ्यावर कुणीतरी पहिल्यांदा चप्पल काढली होती.

मी लग्नातलं चांदीचं निरांजन काढलं. त्याला ओवाळलं, कॉफी दिली, वर लाडूही. तो संकोचून म्हणाला, मत दिलंत तरी पुष्कळ. मी म्हटलं, तुम्ही येणार. मनात हिशेब पक्का होता. अक्का माणूस निवडतात, त्यांची निवड खरी ठरते. यंदा निवड माझी. आणि एकदा एकाला ओवाळलं की दुसऱ्याला ओवाळणं म्हणजे पहिल्याला पाडणं, हेही मीच ठरवून टाकलं. मग मोठ्या पक्षाचा उमेदवार आला आणि नेमका याच वर्षी माझ्या फाटकाशीही थांबला. मी 'आय्तु', म्हणजे झालं, एवढं कानडीत म्हटलं आणि कडी घातली. दुसऱ्या पक्षाच्या माणसाचंही तेच केलं. शेजारणी बघत होत्या. मला त्या दिवसांत इतकं हलकं वाटत होतं, की भिंतीपलीकडच्या आरतीच्या घंटेकडे माझं लक्षही गेलं नाही.

मग मतपेट्या उघडल्या, मोजणी झाली. शिंप्याचं डिपॉझिट गेलं. संध्याकाळी गुलाल उडवत मिरवणूक आली आणि ज्यांच्या तोंडावर मी कडी घातली होती त्यांतलाच एक अक्कांच्या ओट्यावर वाकला. मी खिडकीशी उभ्या उभ्या ह्यांना म्हटलं, बघा, यंदाही अक्कांचाच माणूस. हे पेपरातून डोकं वर काढून हसले.

"अगं, वहिनी सगळ्यांनाच ओवाळते. दारात येईल त्याला. मग येईल तो तिचाच असणार ना?"

मला आधी खोटंच वाटलं. मग हे म्हणाले, तुझ्या शिंप्यालाही ओवाळलं तिने, तुझ्याकडून निघून तो तिकडेच गेला होता. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या निवडीवर जळत होते ती निवड नव्हतीच. हे कळल्यावर जळणं थांबायला हवं होतं. पण फुलवालीने दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा ऐकवलं आणि मी खुलासा केला तर तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

नंतर एका संध्याकाळी मी ओट्यावर अवरेकाळू, म्हणजे थंडीतले पावटे, सोलत बसले होते. गिरणीच्या बाजूने शिंपी येताना दिसला, एकटाच. मी शेंगा टाकून आत धावले, कॉफीचं डिकॉक्शन गरम केलं, दूध ओतलं. पडला तर पडला, माझ्या घरी पडलेल्याचाही मान राहतो हे गल्लीने बघू दे, असं मनात आलं. पेला घेऊन बाहेर आले तर तो मान खाली घालून माझ्या फाटकावरून पुढे गेला आणि अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसला.

निवडून आलेले सगळे त्यांचे, हे मी गिळलं होतं. पण हा पडलेला तरी माझा होता. पेला हातात धरून मी तशीच उभी राहिले, डोळे भरून आले, आणि ते दुःखाने नाही, निव्वळ मत्सराने.

थोड्या वेळाने अक्का भिंतीशी आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "रागावू नको गं. सगळ्यांनी त्याला हो हो म्हटलं, मीबी म्हटलं. खरं धरून बसलीस ती तू एकटी. तुज्यापुढं तोंड दाखवाला लाज वाटते म्हणून रडतोय बघ तो."

मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "सरी, बरं, कॉफी केलीसच तर दे इकडं. मी नेऊन देते."

मी पेला भिंतीवरून दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरून कॉफी संपवली, माझ्या घराकडे एकदाही न बघता. त्याच्या लेखी मी इतकी मोठी होते, आणि हे त्याने सांगितलं तेही अक्कांनाच.