आंटींचा सालगादो

सातव्या महिन्यात माझे पाय असे सुजले की ह्यांच्या चपला घालून फिरायची वेळ आली. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, दुबईत घरोघरी नळ नव्हते, आणि मला तिथे येऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय. मीठ बंद, नाहीतर बाळाला धोका आहे."

मी रत्नागिरीकडची, मिठाशिवाय जेवण म्हणजे मला शिक्षाच. तरी मिठाची बरणी उचलून शेजारच्या गोव्याच्या आंटींना देऊन टाकली, गावाहून आणलेली सुकी मासळीसुद्धा. दोन आठवडे आळणी भात गिळला. सूज चढतच होती. बांगड्या निघेनात, सकाळी डोळे उघडेनात. "चोरून खातेस काय?" हे म्हणाले, आणि मी ताटच आपटलं. या अल्ला, बाळासाठी जीव टाकतेय आणि हा माणूस माझ्यावरच संशय घेतो! दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं नाही की घाम फुटायचा.

एका दुपारी आंटी आल्या. त्यांचा नवरा कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी, त्यामुळे त्यांच्याकडे टँकरचं गोडं पाणी यायचं. माझ्या भाताचा घास तोंडात टाकून त्या थबकल्या.

"सालगादो! खारट गो बाय!"

"कुराणाची शपथ आंटी, चिमूटभरही घातलं नाही."

आंटी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. म्हणाल्या, "साल म्हणजे मीठ, पाद्रींच्या लॅटिनमधून आलेला शब्द. मीठ लावलेलं ते सालगादो. चहासोबतच्या तिखटमिठाच्या खाण्यालाही तेच म्हणतात, आणि भाव चढले तरी तेच. पण तू लावलं नाहीस, तर लावलं कुणी?"

उठून त्यांनी रांजणातलं पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. जवळच्या विहिरीचं पाणी! सुरुवातीला मचूळ लागायचं, मग जीभ सरावली. त्याचाच भात, त्याचाच चहा, आणि तहान भागेना म्हणून तांब्यावर तांब्या मीच पीत होते. मला रडूच फुटलं.

आंटींनी रांजण कलंडला. "आमच्यात बाप्तिस्म्याला बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवतात," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला तेवढाही मिळाला नाही. तेव्हा आमच्याकडे टँकरचं पाणी येत नव्हतं, मी इथल्या विहिरीचंच प्यायले होते. माझा भात कुणी चाखला नाही गो."

मुलगी होईपर्यंत रोज दोन डबे पाणी त्या स्वतः वाहून आणत राहिल्या. ती रडली, तेव्हा दाराबाहेर आंटी माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होत्या.