नववीच्या वर्गाने मला वेगळी ठरवलं तेव्हा

एम.ए.ला असताना मार्गदर्शक बाईंनी मला उरणजवळच्या एका शाळेत पाठवलं. किशोरवयीन मुलांना वेगळ्या जातीधर्माच्या, वेगळ्या भाषेच्या लोकांबद्दल काय वाटतं, ते मोजायचं होतं. हातात प्रश्नावलीचा गठ्ठा होता. प्रत्येक पानावर विधानं, आणि पुढे पाच चौकोन, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. बाईंनी बजावलं होतं, "मुलांना उदाहरण द्यायचं नाही. उदाहरण दिलंस की त्यांचं मत तुझ्या मताकडे झुकतं."

नववीच्या वर्गात सगळ्या प्रकारची मुलं होती. आगरी, कोळी, मुसलमान, आणि बंदरातल्या कामामुळे कुठून कुठून आलेल्या घरांतली. आमच्या कामासाठी याहून चांगला वर्ग मिळाला नसता. मी खूश होते. तिसऱ्या विधानापर्यंत.

‘मला माझ्यापेक्षा वेगळ्या समाजातल्या व्यक्तीसोबत डबा खायला आवडेल.’

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. दोन घट्ट वेण्या, वहीवर निळं कव्हर. "मॅडम, डब्यात काय हाय?"

"काहीही असेल. प्रश्न माणसाबद्दल आहे."

"पण माणूस कुठं खायचाय? डबाच खायचाय ना?"

वर्गाला तिचं म्हणणं पटलं. मी म्हटलं, मनाला येईल तसं लिहा. मग मागून कोणीतरी विचारलं, "वेगळा म्हणजे कोण?" मी उदाहरण देणार नव्हते. त्यामुळे वर्गाने स्वतःच शोध सुरू केला.

सगळ्यांची नजर आधी त्या वेण्यांच्या मुलीवरच गेली. तिचे वडील बिहारहून आलेले, कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. पण तिच्या शेजारणीने हात झटकला. "ती कसली वेगळी? आमच्या आयेपेक्षा चांगलं आगरी बोलते."

मला वाटलं, या मुलीला बरं वाटेल. ती चिडली. "मी वेगळीच हाय. आमच्याकडं छठ असते. तुमच्याकडं हाय का?"

नव्हती. म्हणून खिडकीजवळचा मुलगा उभा राहिला. "मग मी पण वेगळा. आमच्याकडं दोन-दोन ईद असतात." लगेच कोळ्यांच्या मुलांनी आपली नारळी पौर्णिमा काढली. आगऱ्यांना हळदीतल्या बायकांच्या गाण्यांची आठवण झाली. एक मुलगा म्हणाला, त्याची आजी इथून जवळच्याच चौलची आहे. तेवढ्यावर कोणी वेगळं होत नाही, असं इतरांनी त्याला सांगितलं. तो हिरमुसला. कोणालाच सारखं राहायचं नव्हतं. या गोष्टीसाठी माझ्या प्रश्नावलीत चौकोन नव्हता.

भांडण मिटवायला वर्गशिक्षिका आत आल्या. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, जेवायला थांबाल ना? आज कोलंबी आहे."

"मी मासे खात नाही," मी म्हटलं. आमच्या सोलापूरच्या घरात कधी शिजलेच नाहीत.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

"कधीच न्हाय?" वेण्यांच्या मुलीने हळू आवाजात विचारलं.

"कधीच नाही."

"सुकट पण?"

"नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पेनं उचलली. पुढची वीस मिनिटं वर्गात आवाज नव्हता. अधूनमधून एखादं डोकं वर यायचं, माझ्याकडे निरखून पाहायचं आणि पुन्हा खाली जायचं. मुलं किती मन लावून विचार करताहेत, असं मला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी डबा घेऊन आली. तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी. "खा मॅडम, यात मासे न्हायत." दोन घास झाल्यावर मी विचारलं, भाजीत हे बारीक-बारीक काय आहे. "जवळा, बारकी सुकी कोलंबी," ती म्हणाली. "तो काय मासा हाय?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती इतक्या काळजीने पाहत होती की मी तिसरा घास घेतला. चव चांगली होती, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी मार्गदर्शक बाईंचा फोन आला. आवाज गंभीर होता. "परिस्थिती फार वाईट दिसतेय. ‘वेगळ्या संस्कृतीच्या व्यक्तीच्या घरी राहायला आवडेल’, याला अख्खा वर्ग पूर्ण असहमत. इतका तिरस्कार?"

"बाई, त्याच्या पुढचं विधान बघा." त्यांना देण्याआधी मी ती पानं चाळली होती.

कागद चाळल्याचा आवाज आला. "‘अशी व्यक्ती माझ्या घरी राहायला आली तर आवडेल.’ पूर्ण सहमत. सगळे. हे कसं शक्य आहे?"

मग मी सगळं सांगितलं. मुलांनी वेगळी व्यक्ती म्हणून मलाच धरलं होतं. माझ्या घरी राहिलं तर त्यांना मासे मिळणार नव्हते. त्यांच्या घरी मी राहिले तर मला मिळणार होते. नंतर बाईंनी शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वाचायला घेतली. वेगळ्या संस्कृतीच्या व्यक्तीला भेटून काय वाटलं, असा प्रश्न होता. एकाने लिहिलं होतं, ‘वाईट वाटलं. खूप बारीक आहेत.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘त्यांची चूक नाही. घरचे तसे आहेत.’ तिसऱ्या उत्तरानंतर बाईंना वाचता येईना. त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला आधी राग आला, मग मीही हसू लागले.

त्या प्रश्नावल्या अर्थातच बाद झाल्या, आणि मला दुसऱ्या शाळेत जाऊन सगळं पुन्हा करावं लागलं. प्रबंधात त्या वर्गाबद्दल मी दीड पान लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनाने सगळं खोडलं आणि एक ओळ ठेवली: ‘विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला.’